फळ्याची हर्रास

जऊळका
१४ ऑक्टोबर २०२४

विमल आत्या, सलाम.

परवा फोनवर मी घसा फोडून सगळं सांगितलं आणि तू दर वाक्याला "बरं बरं, जेवली का?" एवढंच म्हणत राहिलीस. तुझे कान आता फोनला दाद देत नाहीत, म्हणून हे पत्र. डोळे शाबूत आहेत म्हणतेस, तर चष्मा लाव आणि नीट वाच.

अमरावतीहून बोलावणं आलंय. तिथल्या मुलींच्या वसतिगृहात शिक्षिका हवी आहे. राहायचं तिथेच, संध्याकाळी मुलींचा अभ्यास घ्यायचा आणि रविवारी त्यांना उपासनेला न्यायचं. अर्ज मीच मागच्या वर्षी केला होता आणि विसरूनही गेले होते. नोव्हेंबर संपायच्या आत होय की नाही ते कळवायचं आहे. आईने ऐकल्याबरोबर माळ्यावरून पेटी काढली. बाबा काही बोलले नाहीत, पण तुझा भाऊ कधी बोलतो?

मी नाही म्हणून कळवणार आहे.

कारण माझा अभ्यासवर्ग. बी.ए.चा निकाल लागला त्या आठवड्यात मी चर्चच्या बाजूच्या खोलीत गुडघे टेकून प्रभूला शब्द दिला होता, की अभ्यासाला जागा नाही म्हणून जऊळक्यातलं एकही मूल मागे राहणार नाही. आपल्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. ती पदवी काय नुसती भिंतीवर लावायची? फळ्याला पैसे नव्हते, तेव्हा बाबांनी आतल्या खोलीचं सागवानी दार बिजागऱ्यांसकट उतरवलं, रंधा मारला, काळा रंग दिला. तेव्हापासून त्या खोलीला दाराच्या जागी आईचं जुनं लुगडं आहे. असा फळा टाकून मी अमरावतीला जाऊ? नांगराला हात घातला की मागे वळून पाहायचं नाही, हे तूच मला शब्बाथशाळेत शिकवलंस.

वर्ग उत्तम चालू आहे. फक्त तो संघदीप आहे ना, त्याने जूनपासून विहारात अभ्यासिका काढली आहे. संघदीपने तिथे इन्व्हर्टर बसवला. संघदीपने सतरंज्या आणल्या. दर शनिवारी संघदीप मुलांना पोहे करून घालतो. पोह्यांवर मुलं जमवायची, ही शिक्षणाची तळमळ म्हणायची का? नाइलाजाने मीही चिवडा सुरू केला, तर संघदीपने पोह्यांवर शेव टाकायला सुरुवात केली. अशाने मुलं थोडी कमीजास्त होतात, एवढंच.

प्रार्थनेत आठवण ठेव.

तुझी, मागे न पाहणारी,
सुवार्ता


केनवड
२१ ऑक्टोबर

सुवार्ता माय, तुले अन् भाऊ जगदेवच्या साऱ्या घराले सलाम.

तुह्यं पत्र दोनदा वाचलं. नाव तुह्यं सुवार्ता ठेवलं, अन् साऱ्या पत्रात एक चांगली बातमी, तिलेही तू नाई म्हनून राह्यली.

आता खरं सांग. एका पत्रात तू त्या संघदीपचं नाव किती खेपा घेतलं? मी उमर काढली दवाखान्यात नर्स म्हनून. नाडी मले दुरून समजते. पोट्टी एखाद्याची एवढी तक्रार कराले लागली, का समजाचं. कोन हाय थो? नोकरी काय? विहारातला हाय त माही काई हरकत नाई, मानूस चांगला पाह्यजे. पन त्याच्यापायी अमरावती सोडू नको. खरा असन त थोच मांगं येईन.

काल आमच्या केनवडच्या चर्चमंदी कापनीचा सन झाला. दरसालसारखं ज्यानं त्यानं आपलं पहिलं पीक वेदीपुढं आनून ठेवलं. कोनाची सोयाबीनची थैली, कोनाचं कोहळं, कोनाच्या अंड्याची टोपली. पाळकसाहेबानं आशीर्वाद मांगला, अन् मंग अंगनात साऱ्या वस्तूइची हर्रास झाली. मी दरसालसारखा माहा कोंबडा देल्ला, फौजदार. अन् दरसालसारखी बोली लावून मीच वापस आनला.

हासू नको. देतानी मी मनापासून देते. पन कोनी बोली लावली का माह्या डोयापुढं रस्सा उकळते. चर्चच्या सेवक मानसाइले त आता हे ठाऊकच झालं. फौजदारले उचललं का पाळकसाहेब म्हनते, "आपले जुने पाहुने आले."

बाकीचे गमतीनं एकदोन बोल्या लावून गप बसतात. पन आमचे किराणावाले ज्ञानचंद शेठ! जैन मानूस, कांदालसूनही खात नाई. दरसाल हर्रासीले येतात, कोपऱ्यात बसतात, कोहळ्याले हात लावत नाईत का सोयाबीनले. फौजदार निंगाला का त्याइचा हात वर. यंदा त खालीच येत नव्हता. त्या मानसाले कोंबडा कायले पाह्यजे, सांग? मले खिजवाले, दुसरं काय. जिंकली शेवटी मीच.

अन् हो, वर्ग उत्तम चालू हाय म्हनतं. मंग पोट्टे किती येतात, ते काहून नाई लिहिलं?

तुही आत्या,
विमल


जऊळका
२८ ऑक्टोबर

आत्या,

तुझी नाडीपरीक्षा वाचून मला घाम फुटला. संघदीपचं लग्न झालेलं आहे. तो धम्मदीपाचा नवरा. धम्मदीपा म्हणजे कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे होती ती, वक्तृत्वात दरवेळी माझ्या वरचा नंबर पटकावणारी. अभ्यासिकेत शिकवते ती. संघदीप बँकेतून घरी आला की सतरंज्या झटकतो आणि पोहे करतो. मागच्या पत्रात मी धम्मदीपाचं नाव एकदाही घेतलं नाही, यावरून काय निदान करायचं ते आता तू कर.

तुझ्या कोंबड्याविषयी मात्र मला गंभीरपणे लिहायचं आहे. आत्या, देवाला दिलेलं परत घ्यायचं? वेदीपुढे ठेवताना तू "प्रभू, हे तुझं" म्हणतेस ना? मग अंगणात येईपर्यंत ते पुन्हा तुझं कसं होतं? मग ते देणं कसलं? ते फौजदाराला फिरवून आणणं झालं. राग मानू नकोस. तुझ्याकडूनच शिकले म्हणून लिहिते.

आता मुलांचं. लपवून काय उपयोग, तू बाबांना विचारशीलच. तीन मुली येतात. सपना येते, कारण त्या वेळी घरी असली की भांडी घासावी लागतात. बाकीच्या दोघी सख्ख्या बहिणी. त्यांचा चुलत भाऊ विहारात बसतो आणि त्याच्याशी त्यांचा अबोला आहे. अबोला मिटला की त्याही जातील. परवा मी गुणाकार समजावत होते आणि तिघीही खिडकीतून विहाराकडे बघत होत्या. शनिवार होता.

आत्या, टिकून राहणं म्हणजे विश्वास की हट्ट, हे ओळखायचं कसं? वर्ग सोडला तर मी प्रभूला दिलेला शब्द मोडला असं होईल का? मी प्रार्थनेत रोज विचारते. उत्तर येत नाही. खरं सांगायचं तर उत्तर यायच्या आत मीच घाईघाईने आमेन म्हणून टाकते.

पण एक ठरवलंय. १० तारखेला, रविवारी, आमच्या इथे कापणीचा सण आहे. माझं पीक म्हणजे माझा वर्ग. मी फळा नेऊन वेदीपुढे ठेवणार आणि प्रभूला सांगणार, हे तुझं, तू बघ. त्याला कोण घेईल, त्याचं काय होईल, ते मी विचारणार नाही. आणि कोणासारखं परत तर मुळीच घेणार नाही.

तुझी,
सुवार्ता


केनवड
४ नोव्हेंबर

सुवार्ता बाई,

चांगली हानली मले. कोंबड्यावरून एवढं प्रवचन पाळकसाहेबानंही देल्लं नाई कधी. घेतलं मी मनाले. दिवाळीले ज्ञानचंद शेठच्या घरून प्रेमाबाईनं फराळाचं ताट धाडलं. खाल्लं, पन शेठले अजून माफ केलं नाई.

तीन पोट्ट्या म्हनतं. त्यातली एक भांड्याच्या धाकानं. हं.

नांगराचं मीच शिकवलं, कबूल. पन तू आपल्या बुढ्याचं वावर पाह्यलं नाई, तुह्या जल्माच्या आंधीच गेलं ते. माहा बाप नांगर हाकतानी मांगं पाहे नाई, हे खरं. पन तास धुऱ्यापाशी संपला का थो बैल वळवे. मांगं पाहाचं नाई म्हनून कोनी धुरा वलांडून शेजाऱ्याच्या वावरात नांगर घालत नाई. मले त इथून, केनवडातून, तुहा नांगर विहाराच्या अंगनात दिसून राह्यला. मंदी चिवड्याची पिशवीही दिसते.

विश्वास का हट्ट, ते मले इचारू नको. मले समजलं असतं त माह्या घरी फौजदार नसता.

फळा देजो. मनापासून देजो. पन अनुभवाचं एक आयक. हर्रास सुरू झाली का तथी थांबू नको. मांगच्या बाजूनं सनाच्या जेवनाच्या स्वयंपाकात जाय अन् पोया लाट. हात पिठात असले का वर येत नाईत. मी दरसाल ठरवते पोया लाटाले जाईन, अन् दरसाल पहिल्या रांगेत सापडते.

तुही आत्या


जऊळका
११ नोव्हेंबर

आत्या,

मी पोळ्या लाटायला गेले नाही.

सुरुवात छान झाली होती. बाबांनी आणि मी फळा धरून आत आणला. वेदीपुढे कोहळी आणि तुरीच्या पेंढ्या, त्यांच्या मागे भिंतीला टेकून फळा. मी प्रार्थना केली, मोठ्याने केली, आणि चांगली केली. दोन बायकांनी डोळे पुसले. प्रभू, हे तुझं, असं म्हणताना मला खरंच हलकं वाटलं. तुला शपथेवर सांगते, त्या वेळी मी खरी होते.

मग अंगणात लिलाव. आमच्याकडे बोली सेवालालभाऊ पुकारतात, ते पूर्वी बाजारात बैलांचे सौदे करायचे. लिलाव पाहायला गाव येतं, सगळ्या वस्त्यांतलं. मी म्हटलं, पोळ्या काय, नंतरही लाटता येतील. फळा कोणाकडे जातो तेवढं पाहू. नुसतं पाहू.

सेवालालभाऊंनी फळ्याच्या कडेला थाप मारली. "पाहा मंडळी, अस्सल सागवान! दात पाहा, पाय पाहा, खोड काई नाई! बी.ए. झालेल्या हातानं यावर लिहिलं हाय. बोला!"

पहिली बोली गोविंदाभाऊंची. "माह्या गोठ्याले दार पाह्यजेच हाय," म्हणाले. "मांगून म्हशी येतात अंदर."

बाबा शांत उभे होते. तेवढ्यात मागून आवाज आला आणि बोली वाढली. वळून पाहिलं तर धम्मदीपा. शेजारी संघदीप, कडेवर त्यांची लेक.

आता तू म्हणशील, सुटला फळा गोठ्यातून, सुवार्ताने देवाचे आभार मानले असतील. मलाही तसंच वाटायला हवं होतं. पण आत्या, माझ्या डोक्यात फक्त एक आलं: मुलं घेतली, आता फळाही. आणि माझा हात वर गेला. मी त्याच्याकडे असं पाहिलं जणू दुसऱ्याच कोणाचा आहे.

गोविंदाभाऊ दोन बोलींत गळाले. "येवढ्यात त दोन दारं येतात बाप्पा," म्हणून तंबाखू मळत बसले. मग राहिलो आम्ही दोघी. ती वाढवायची, मी वाढवायची. ती थांबून संघदीपशी कुजबुजायची, मी कोणाशीही न कुजबुजता वाढवायची. सेवालालभाऊ मानेने इकडेतिकडे पाहून दमले. शेवटी धम्मदीपाने हात खाली घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "राहू द्या. घ्या ताई, तुमचाच आहे."

टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी माईकवर जाहीर केलं की आपल्या भगिनीने आज विश्वासाची मोठी साक्ष दिली. माझ्याकडे पैसे कुठे? बाबांनी पुढे होऊन भरले. म्हणजे बाबांनी आपल्याच घराचं दार विकत घेतलं.

फळा चर्चच्या खोलीत न ठेवता घरी आणला. का, ते मलाही माहीत नाही. सपना रस्त्यात भेटली. "ताई, फळा घरी नेला? मंग आता वर्ग नाई ना?" आणि आत्या, तिच्या आवाजात आनंद होता.

आता फळा आमच्या ओसरीत भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्याकडे बघून मला कळतंय, की धम्मदीपाकडे मुलं आहेत आणि फळा नाही. माझ्याकडे फळा आहे आणि मुलं नाहीत. देवाला दिलं आणि अख्ख्या गावादेखत हिसकावून घेतलं. तुझ्या कोंबड्याला मी जे जे बोलले, ते कृपा करून खोडून टाक.

सुवार्ता


केनवड
१६ नोव्हेंबर

माह्ये माय,

तुह्यं पत्र वाचून मी एवढी हासली का शेजारची चंदाबाई पानी घेऊन धावली. तिले वाटलं ठसका लागला. खोडत नाई मी काईच. ते पत्र जपून ठेवलं हाय. तुह्या लग्नात वाचीन.

पन मंग रात गेली अन् हासू गेलं. तुही एक गोष्ट मनात रुतून बसली. धम्मदीपानं हात वर केला, अन् तू धरूनच चालली का ती हिसकाले आली. मले वाटलं, विमले, तूही कधी ज्ञानचंद शेठले इचारलं नाई.

म्हनून परवा गुळाच्या निमतानं दुकानात गेली. शेठ एकलेच होते. मी म्हन्लं, "शेठजी, आज खरं सांगा. तुमी दरसाल माहा फौजदार काहून घेता?"

शेठ म्हनाले, "मी कुठे घेतो, बाई? तुम्ही घेऊ देता का?"

"पन पाह्यजे कायले तुमाले?"

शेठ तराजूच पुसाले लागले. मंग म्हनाले, "जीव आहे बिचारा. एकदा माझ्या हाती आला असता तर गोरक्षणात सोडला असता, गायींमध्ये. तिथे त्याला कोणी कापणार नाही. दर वर्षी ठरवून येतो आणि दर वर्षी तुम्ही नेता. मग घरी जाऊन उपास करतो."

मी म्हन्लं, "अन् मी नेऊन काय करते, असं वाटते तुमाले?"

शेठनं मान खाली घातली. "आता सणासुदीचे दिवस, बाई. ज्याचा त्याचा आहार."

म्हंजे बावा इतके वर्सं ते मले कोंबडा खानारी समजत होते, अन् मी त्याइले खिजवनारा! मी म्हन्लं, "शेठजी, दरसाल थोच कोंबडा हाय. तुमी त्याचा तुरा ओळखला नाई?" ते म्हने, "मी त्याच्याकडे पाहतच नाही. पाहवत नाही." आतून प्रेमाबाईनं आयकलं. ती हासता हासता गव्हाच्या पोत्यावर बसली. एकाच कोंबड्याचा जीव वाचवाले आमी दोघं एकमेकाइच्या उरावर बसलो होतो. पाळकसाहेबाले मातर सांगू नको. चर्चच्या छपराचे अर्धे टिन त्या बोलीतून आले.

पुढच्या साली मी बोली लावत नाई. फौजदार शेठच्या हाती देईन अन् गाई पाहाले जाईन. लिहून त ठेवलं, प्रभू ताकद देओ.

आता तू सांग. धम्मदीपाले फळा कायले पाह्यजे होता? जाय, अन् तिच्या तोंडून आयक. मनानं उत्तर लिहू नको. मनानं लिहिलेलं आपल्या दोघीचंही चुकते.

तुही आत्या


जऊळका
२५ नोव्हेंबर

आत्या,

गेले.

दोन दिवस विहाराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्या दिवशी शनिवार होता हे मी विसरले. दारात पाय ठेवला तर सगळी मुलं हातात ताटल्या घेऊन बसलेली, माझीच मुलं, आणि एक ओरडलं, "ताई, तुमीबी पोह्याले आल्या?" आता नाही कसं म्हणणार? बसले. संघदीपच्या आईने, लिलाबाईंनी, ताटली हातात दिली आणि वर मूठभर शेव टाकली. पोहे चांगले होते. हे कबूल करायला मला त्या वर्गापेक्षा जास्त विश्वास लागला.

धम्मदीपा जुन्या फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने शिकवते. पुसलं की डाग राहतात, त्यामुळे कालच्या अपूर्णांकांवर आजची बेरीज. इन्व्हर्टर आहे, सतरंज्या आहेत, फळा नाही. मुलं गेल्यावर मी तिला विचारलं, "त्या दिवशी एवढी बोली का लावलीत?"

ती म्हणाली, "गोविंदाभाऊ म्हशींना लावणार होते ना. तुमच्या बाबांनी घराचं दार उतरवून केलेला फळा, सगळ्या गावाला माहीत आहे. मला राहवलं नाही."

"आणि मिळाला असता तर?"

"इथे लावला असता. आणि तुम्हाला बोलवायला आले असते. फळा इथे आणि तुम्ही घरी, हे बरं दिसलं असतं का?" मग म्हणाली, "पण तुम्ही अशा काही बघत होतात माझ्याकडे, की संघदीप म्हणाले, सोड, नाहीतर ताई आपल्या पोरीवरही बोली लावतील."

आम्ही खूप हसलो. मग ती मनापासून म्हणाली, "या ना इथे शिकवायला. इंग्रजी मला जमत नाही तेवढं."

आत्या, खरी परीक्षा ही होती. हरून जाणं सोपं होतं, नाक वर करून जाता आलं असतं. आता कोणी मला हाकलत नव्हतं. माझ्या तोंडावर "येते" हा शब्द आला होता. पण घरी न जाता मी चर्चच्या त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसले आणि या वेळी आमेन म्हणायची घाई केली नाही. बराच वेळ गेला. मी शब्द दिला होता, की अभ्यासाला जागा नाही म्हणून गावातलं एकही मूल मागे राहणार नाही. तो शब्द पुरा झाला होता. प्रभूने तो पुरा केला होता, शेजारच्या अंगणात, इन्व्हर्टर लावून. मलाच फक्त तो माझ्या खोलीत, माझ्या हाताने पुरा व्हायला हवा होता. राग आला मला, लहान मुलासारखा. मग रागही दमला. आवाज वगैरे काही ऐकू आला असं मी म्हणणार नाही. पण अमरावतीच्या पत्रात एक ओळ होती, की मागची शिक्षिका मार्चमध्ये गेली आणि तेव्हापासून मुली संध्याकाळी आपल्या आपणच बसतात. ती ओळ मी इतके दिवस वाचलीच नव्हती. उठल्यावर घरी आले आणि होय म्हणून कळवलं.

मग बाबांचं. फळा द्यायचा तर त्यांना विचारायला हवं होतं. दार त्यांचं, पैसे त्यांचे. मी खूप तयारी करून गेले. तुमचे कष्ट, तुमचा त्याग, असं काय काय बोलले. बाबा बैलगाडीच्या चाकाला वंगण लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दार त म्या तवाच देल्लं होतं, बाई," ते म्हणाले. "मंधात एकडाव इकत घ्या लागलं, ते तुह्यापायी. आता किती खेपा द्याचं तेच?"

आणि पुन्हा वंगण लावू लागले. मी तिथेच उभी होते तर म्हणाले, "डोक्यावर न्याचं का गाडीत, तेवढं सांग."

डोक्यावर नेला. पुढे बाबा, मागे संघदीप, मध्ये मी नुसती हात लावून. गोविंदाभाऊ ओट्यावरून म्हणाले, "कावं, आखरीले कोनाच्या गोठ्याले चालला?" बाबा म्हणाले, "तुह्या नातवाच्या!" त्यांचा नातूही विहारात जातो. संघदीप असा हसला की फळा एका बाजूला कलला.

विहाराच्या भिंतीत खिळे ठोकून फळा बसवला. मुलं आधीच येऊन बसली होती. सपनासुद्धा. ती जरा नाराज आहे, कारण तिच्या आईने सांगितलंय की भांडी अभ्यासावरून आल्यावरही घासता येतात. त्या दोघी बहिणी चुलत भावाशेजारीच बसल्या होत्या, तोंड फिरवून.

धम्मदीपाने नवा खडू काढून माझ्या हातात दिला. "पहिलं काहीतरी तुम्ही लिहा, ताई."

खडू हातात आला आणि माझ्या डोक्यात एकाहून एक भारी शब्द आले. प्रकाश. ज्ञान. आशा. तुला माहीत आहे मी कशी आहे. मुलं पाटीवह्या उघडून बघत होती, शब्द उतरवून घ्यायला तयार.

मी विचारलं, "काल कुठपर्यंत आलं होतं?"

"अपूर्णांक," सगळे ओरडले.

मी खडू धम्मदीपाला परत दिला. "मग तिथूनच चालू द्या."

ती लिहू लागली. सागवानावर खडूचा आवाज फार चांगला येतो, तेवढा एक क्षण ऐकला. थोडं थांबावं असं वाटत होतं. म्हटलं, एक गणित होईपर्यंत. पण मुलांच्या माना वहीत गेल्या होत्या, दाराकडे सगळ्यांच्या पाठी होत्या, आणि कोणालाच माझं काही नडत नव्हतं.

दारात चपलांचा ढीग पडला होता. लहान, मोठ्या, अंगठा तुटलेल्या, एकमेकींवर चढलेल्या. त्यात माझ्या सापडेनात. मी खाली बसून एक एक बाजूला करत शोधू लागले. एक सापडली. आतून धम्मदीपा विचारत होती, "अर्धा आणि पाव मिळून किती?" आणि कोणीतरी चुकीचं उत्तर दिलं. माझ्या ओठांवर बरोबर उत्तर आलं होतं.

दुसरी चप्पल सापडली. ती घातली आणि निघाले.

शनिवारी अकोल्याची गाडी धरते, पुढे अमरावती.

सुवार्ता